बटणांची डबी

शिवणकाम करणाऱ्या त्या आईचे हात फार हुशार होते, आणि तिथंच घात झाला.

लेक डोक्यावरचे केस उपटू लागली. आधी एक केस, मग चिमटीभर, मग कानामागे सगळं उजाड. आई ओरडली, रडली, शेवटी तिला जे येत होतं तेच तिनं केलं. केसांचा पट्टा शिवला. निळा, रुंद, आतून मऊ अस्तर, वरून बारीक टाक्यांची फुलं. उजाड जागा फुलांखाली गेली. लोक म्हणाले, किती गोड दिसतेय पोर! पोरीनं ओठ ताणले. लोकांना ते हसू वाटलं.

दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवलेला: एका भेटीत एकच तक्रार. लेकीचं पोट दुखतं असं आईनं सांगितलं, तेव्हा औषधाची बाटली मिळाली. झोपत नाही म्हणाली, तेव्हा झोपताना दूध द्या. केसांचं सांगितलं, तर डॉक्टरांनी पट्टा न उचलताच मलम लिहिलं. पोट एका भेटीत, झोप दुसरीत, केस तिसरीत. अख्खी पोर मात्र कुठल्याच भेटीत मावली नाही. "हिच्या मनाला काहीतरी झालंय हो," असं आईनं हात जोडून सांगितलं, तेव्हा कुठं मोठ्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या मनोविभागासाठी चिठ्ठी निघाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिथं दार उघडत नाही. त्या चिठ्ठीवर आईनं जीव टांगून ठेवला होता.

"परत आली ती चिठ्ठी," दवाखान्याच्या खिडकीवरची बाई आज म्हणाली. नजर कॉम्प्युटरवरच. "हॉस्पिटलवाले घेत नाही म्हणाले. डॉक्टरांनीच लिहिलंय ना, मुलगी नीटनेटकी, हसतमुख, शाळेत जाते. म्हणजे गंभीर नाही."

नीटनेटकी! आईला आपलेच टाके टोचले. प्रत्येक भेटीला तिनं फ्रॉकला इस्त्री केली होती, पट्टा धुतला होता. डॉक्टरांसमोर पोर बरी दिसावी म्हणून.

"मग आता काय करायचं?"

"वाढलं की या."

"वाढलं की? फ्रॉक आहे का हा बाई, आखूड झाला की आणायला?"

"आवाज खाली ठेवा."

रांगेतले एक काका खाकरले. "ताई, आमचाही नंबर आहे."

"असू दे काका. तुमचा खोकला कुठं पळून जात नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. आईचा हात सरळ लेकीच्या पट्ट्याकडे गेला. ओढावा आणि दाखवावं सगळ्यांना! पण पोरीनं दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं, आणि आईचा हात हवेतच थांबला. लाज ज्यांना वाटायला हवी ते खिडकीमागे बसलेत, आणि उघडं कुणी पडायचं? पोरीनं?

ती खाली वाकली, लेकीच्या कानाशी. "पट्टा नको. डबी दाखवू का ग?"

लेकीनं डोळे मिटले. मग होकाराची मान हलवली.

आईनं पिशवीतून डबी काढली. बटणांची जुनी डबी होती ती, बटणं मात्र तिच्यात नव्हती. उशीखालून, दप्तराच्या तळातून, खिशाच्या शिवणीतून आईनं वेचलेले केस होते, मुळासकट. टाकवत नव्हते म्हणून साठवलेले. तिनं झाकण काढलं आणि डबी खिडकीत पालथी केली. काळा पुंजका, पाखराचं घरटं मोडून पडावं तसा.

"ई! उचला ते, इथं स्वच्छता..."

"माझ्या लेकीचं डोकं आहे ते! आता दिसलं? की अजून वाढू दे?"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. केसांकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"केसांचं सांगितलं तेव्हा पट्टाही उचलला नाहीत. डबी काढली असती तर दुसरी तक्रार म्हणून पुढची वेळ दिली असतीत. दार वाचता येतं मला." ती हलली नाही. "फोन लावा तिकडे. माझ्यासमोर. पोट, झोप, केस, सगळं एका दमात सांगा. तोवर ही खिडकी मी सोडत नाही."

"सोडू नका ताई," मागून काका म्हणाले.

डॉक्टरांनी फोन लावला. कृपया प्रतीक्षा करा, असं यंत्र म्हणालं आणि बासरी वाजू लागली. ती बासरी काही थांबेना. डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, घड्याळाकडे पाहिलं, कपाळ पुसलं.

"आई," लेक हळूच म्हणाली, "त्यांनापण थांबवतात?"

"हो बाळा."

केसांकडे निघालेली तिची बोटं आईनं आपल्या मुठीत घेतली.

"थांबू दे त्यांना. आपण बसू."

खिडकीसमोरची खुर्ची तिनं खर्रकन पुढे ओढली.