वाकड्या हाडाचा फर्मा

मी एक जुना लाकडी फर्मा आहे, मित्रांनो. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. माझ्यावर चामडं ताणून बूट शिवतात. मी चिडका आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मालकाची धाकटी बहीण दवाखान्यात नर्स. दिवसभर उभं राहायचं काम, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याशी जन्मापासून हाड बाहेर आलेलं. मालक बूट शिवायला शिकला तो तिच्यासाठीच. फार माया! पण मायेच्या भरात या शहाण्याने केलं काय? मला घडवताना ते हाड खुशाल गाळून टाकलं. "आता बघू कोण हसतं तिच्या पायाला!" म्हणाला.

मी सरळ, गुळगुळीत, देखणा! इतर फर्म्यांकडे ढुंकूनही बघत नव्हतो.

आणि बहीण तरी काय कमी? चार वर्षं माझ्यावर शिवलेले बूट घालून हूं की चूं केलं नाही. दादाने विचारावं, "कसे आहेत गं?" हिने म्हणावं, "छान आहेत रे!" ऐकून माझं डोकं सणकायचं. दुरुस्तीला आलेला बूट माझ्यावर चढवला, की आतलं ओलं, चिकट अस्तर मलाच लागायचं. माझी फुशारकी तिथेच उतरली.

एकदा अस्तर काढताना मालकाची बोटं रक्ताने लाल झाली. बहीण समोरच बसली होती. त्याने तिचा मोजा ओढला. कातडी सोलून निघाली होती.

"बोलली का नाहीस?" तो ओरडला.

"तू कधी पायाकडे बघितलंस?" तीही भडकली. "तुलाच लाज वाटते त्याची, दादा. मला नाही वाटत."

तो तिच्यासमोर खाली बसला. "खरंय गं," म्हणाला. "लाज माझीच होती. मी नाव तुझं पुढे करत होतो."

मग पहिल्यांदाच त्याने तिचा पाय मांडीवर घेऊन नीट चाचपला. चामड्याचे तुकडे कापले आणि माझ्या अंगठ्याशी एकावर एक ठोकून तिच्या हाडाएवढा उंचवटा केला. खिळे, भर अंगात! मी मनातल्या मनात त्याला लाखोली वाहिली.

नवे बूट घालून ती दारापर्यंत गेली, परत आली, हसत पुन्हा गेली. तेव्हा कुठे मला कळलं मी कोण ते. तोवर मी नुसता सुबक ठोकळा होतो.

परवा एका गिऱ्हाइकाने मला उचलून विचारलं, "हा बिघडलेला कशाला ठेवलाय?"

"खाली ठेवा," मालक गुरकावला. "माझ्या बहिणीचा पाय आहे तो."

मित्रांनो, कोणाला जीव लावत असाल, तर त्याला कुठे टोचतंय ते आधी बघा. ते जमत नसेल, तर आग लावा तुमच्या मायेला!