तेराव्याची गादी

साक्षीदाराच्या जवळपास फिरकायचं नाही, अशी वकिलाची ताकीदच होती, म्हणून झुंबरबाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना अडखळल्या तरी नियाजने हात पुढे केला नाही. नेवाशाच्या कोर्टात तो खाली मान घालून बसून राहिला. सारी भिस्त त्या म्हातारीवर होती.

तिचे यजमान राधाकृष्ण यांनी गादीच्या दुकानासाठी नियाजला गाळा भाड्याने दिला, तेव्हा करारात आपणहून घातलं होतं: विकत घ्यायचा तर मुदतीच्या आत लेखी कळव, ठरल्या भावात गाळा तुझा. मुदत संपत आली आणि नेमके राधाकृष्णच गेले. नियाज खिशात नोटीस घालून भेटायला गेला, तर झुंबरबाई म्हणाल्या होत्या, "सुतकात देवाणघेवाण नको, बाबा. कागद तेराव्याला आन. अन् शय्यादानाची गादी तूच शिव."

मयताच्या घरी कायदा काढायचा कोणत्या तोंडाने? मुदतीचा शेवटचा दिवस नियाजने चांगला कापूस निवडून ती गादी भरण्यात घालवला. तेराव्याला त्यांच्या मुलाने, आदिनाथने टेम्पोतून गादी उतरवून घेतली. नोटीस मात्र घेतली नाही. मुदत संपली, म्हणाला. कायद्याला सुतक नसतं, हे नियाजला तेव्हा कळलं.

"मुदत संपायच्या आधी नियाज तुमच्या घरी कशाला आले होते?" नियाजच्या वकिलाने विचारलं.

झुंबरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. समोरच्या बाकावर आदिनाथ मोबाईल बघत होता.

"भेटायला आल्ता."

"कागदाबद्दल काही बोलणं झालं?"

"न्हाई आठवत."

वकिलाने फाईल मिटली.

बाहेर आल्यावर आदिनाथ गाडी काढायला खाली गेला, तशा झुंबरबाई नियाजजवळ सरकल्या.

"मला समदं आठवतंय रं," त्या पुटपुटल्या. "पन माझं तेरावं बी त्यालाच घालायचंय."

राग यायला हवा होता. आला नाही. घरी बायकोला, फरीदाला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

"तवा गादी दुसरीकडनं आनावी लागंल, काकू," तो म्हणाला. "माझं दुकान न्हाई राहायचं."

खाली हॉर्न वाजला. आता वकिलाची मनाई उरली नव्हती. पायऱ्यांपाशी नियाजने हात पुढे केला.

आदिनाथ खालून बघत होता. झुंबरबाई कठडा धरून एकट्याच उतरल्या.