हनुवटीचं हाड

तिने भिंगाखालची काचपट्टी पुन्हा एकदा सरकवली. गुलाबी रंगात नव्या हाडाच्या कमानी उमटल्या होत्या. मोजणी संपली तशी तिने आकडा कागदावर लिहिला, खुर्ची मागे सारून उठली, आणि लगेच परत बसली.

"उघडा आता पाकीट."

प्रयोगशाळेतल्या वयस्कर तज्ज्ञांना सगळं रुग्णालय भिंगवाले काका म्हणे. कुठली पट्टी कुठल्या बाजूची, हे मोजणी होईपर्यंत फक्त त्यांनाच माहीत असायचं. त्यांनी सावकाश पाकीट फाडलं.

"नवं हाड डावीकडे तेहतीस टक्के, उजवीकडे बत्तीस. एकोणीस जण झाले, डॉक्टर. सरासरीत फरक नावालासुद्धा नाही."

वरच्या दाढा पडल्या की तिथलं हाड झिजतं आणि गालामागची पोकळी, सायनस, खाली उतरत येते. कृत्रिम दाताचा स्क्रू रोवायचा तर त्या पोकळीच्या तळाशी आधी हाड भरावं लागतं. ती प्रत्येक रुग्णाच्या डाव्या बाजूला त्याच्याच हनुवटीतून काढलेलं हाड भरत होती, तर उजव्या बाजूला गुरांच्या हाडांपासून बनवलेली, बाटलीतली भुकटी. सहा महिन्यांनी स्क्रू रोवताना काढलेला दोन्हीकडचा काडीएवढा तुकडा इथे भिंगाखाली यायचा. माणसाच्या स्वतःच्या हाडाची बरोबरी कशालाच नाही, हे विभागप्रमुखांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं.

ते तिला जिन्यातच भेटले.

"सर, हनुवटी उघडायची गरजच नाहीये."

"एकोणिसांवर कोण पेपर छापतं? वीस होऊ देत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "अकराला घे त्या विसावीला. सही झालीय ना?"

"झालीय. पण हाड काढल्यावर ओठाला येणारा बधिरपणा..."

"येतो, जातो. तात्पुरता म्हणून लिही."

ते दोन-दोन पायऱ्या चढत निघूनही गेले. खाली आल्यावर तिने हात धुतले. हातमोजे घालायला घेतले आणि पुन्हा धुतले.

एकोणिसावी रुग्ण, शिवणकाम करणारी मावशी, स्क्रू रोवतानाचे टाके काढायला येऊन खुर्चीत बसली होती. डॉक्टरने पहिला टाका कापला, दुसरा कापला. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला. खालच्या ओठावर रक्ताचा बारीक ठिपका सुकला होता.

"मावशी, इथे काय लागलं?"

"टाचणी असेल. ओठात धरायची सवय जात नाही मेली." मावशी हसली. "आधी माझं मला कळायचं. आता गिऱ्हाईक सांगतं, अहो, रक्त येतंय."

"तीन महिन्यांत बरं होईल म्हटलं होतं मी."

"बहुतेक, म्हणाला होतात. ऐकलं होतं मी ते."

कात्री ट्रेमध्ये ठेवताना घसरली. तिने ती उचलली, सरळ लावली.

"मावशी, तुमच्या हनुवटीला हात लावायला नको होता. नुसत्या भुकटीनंही तेवढंच हाड आलं असतं. दोन्हीकडे सारखंच आलंय."

मावशीने दोन बोटांत स्वतःची हनुवटी धरून दाबली, कापडाचा पोत पाहावा तशी.

"हे आज कळलं?"

हो म्हणणं सोपं होतं. तसा कागद होता, त्यावर आजची तारीख होती.

"शेवटचा आकडा आज आला," ती म्हणाली. "पण तुमच्या वेळी बारा जणांचे आले होते. तेव्हाही फरक नव्हता."

"म्हणजे माझ्या आधीच."

"हो."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारला. मावशीने गळ्यात बांधलेला कागदी रुमाल सोडला, त्याच्या घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवला.

"बाहेर एक बाई बसलीय. बस चालवते म्हणाली. मला विचारत होती, हनुवटीचं फार दुखतं का हो." ती थांबली. "मी सांगितलं, घाबरू नका, डॉक्टर चांगल्या आहेत."

"मावशी..."

"मी तिला आत पाठवते."

"अजून दोन टाके राहिलेत तुमचे."

"राहू देत. मी काही पळून जात नाही."

मावशीने पर्स उचलली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, दारही आपटलं नाही. बाहेर तिचा आवाज आला, "जा, तुम्हाला बोलावलंय." भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती.

बस चालवणारी बाई सहीचे कागद छातीशी धरून आत आली आणि सरळ मोठ्या खुर्चीकडे वळली.

"तिथे नको. आधी थोडं बोलायचंय," डॉक्टर म्हणाली आणि टेबलामागची स्वतःची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली.