तोंडावरची जागा

आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं पौषाच्या शेवटी. तीन महिने वाकायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा हे शहाण्यासारखी मान डोलवत होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र मला म्हणाले, "माघात डुकरांचा हाका हाय." मी कपाळाला हात लावला. पोटात जाळी बसवली, तरी माणसाचा जीव रानातल्या जाळीत.

आमच्या कवठ्याला ऊसतोड संपत आली की सगळी रानडुकरं शेवटच्या उभ्या फडात गोळा होतात. मग वनखात्याकडून परवानगीचा कागद आणायचा, फडाला तीन बाजूंनी डबे बडवत रेटणारे हाकारे लावायचे आणि चौथ्या बाजूला जाळी ताणायची. जाळीला मधोमध एक तोंड ठेवतात. तिथं भाला घेऊन एकच माणूस उभा राहतो, कारण डुक्कर तिथूनच निघतं. त्यानं जागा सोडली तर आख्खा कळप निसटतो. मागं एकानं सोडली होती. तो मेला, तरी त्याच्या पोराला लोक अजून ऐकवतात. तीस वर्षं ती जागा तात्याबाची, म्हणजे आमच्या ह्यांची होती.

यंदा तिथं पप्पू उभा राहील, असं ह्यांनी खाटेवरून ठरवून टाकलं. पप्पू आमचा एकुलता एक, रांजणगावच्या कंपनीत मशीनवर आहे. डुक्कर त्यानं पाहिलं असेल ते नाईट शिफ्टहून येताना गाडीच्या उजेडात. मी आठवडाभर काय नाही केलं? सोमवारी मला ताप आणला. बुधवारी थोरल्या नणंदेचं दुखणं काढलं. शुक्रवारी तर सांगितलं की येमाईनं स्वप्नात येऊन नको म्हटलं. पप्पू हसला आणि म्हणाला, आई, देवीला तरी सोड. ह्यांनी वर मला दम दिला, बायकांनी हाक्यात तोंड घालायचं नसतं.

रविवारी सकाळी हाका सुरू झाला. फड आमच्या घरापासून दोन वावरं पलीकडं, त्यामुळं डबे बडवल्याचा आवाज अंगणात येत होता. हे खाटेवर बसून मला सांगत होते की आता हाकाऱ्यांतला ज्ञानू वळला, आता शंभू रेटतोय. एरवी दिवसभर कुरकुरणारा माणूस, पण त्या घडीला डोळे लहान पोरासारखे चमकत होते. मला राग येत होता आणि कीवही.

एवढ्यात आमचं काळू कुत्रं घरी आलं.

काळू म्हणजे हाक्यातलं पुढचं कुत्रं. डुकरानं एकदा मांडी फाडली होती, तरी ते मागं फिरलं नव्हतं. आज शेपूट पोटाखाली घालून आलं, खाटेखाली शिरलं आणि लटलट कापायला लागलं. हे कलून त्याच्याकडं बघत राहिले. चेहरा उतरला.

"वच्छला, फडात वाघ हाय," ते म्हणाले. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात.

मी पप्पूला फोन लावला. बंद. हाक्यात सगळ्यांचे फोन बंद करून एका पिशवीत ठेवायचे, हा नियम ह्यांचाच. हे उठायला गेले आणि पोट धरून पुन्हा खाली बसले. मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. पदर खोचला आणि पळाले.

पप्पू जाळीच्या तोंडाशी भाला रोखून उभा होता. मला बघून त्यानं डोळे वटारले, हातानंच मागं जा म्हणून खुणावलं. मी जवळ जाऊन दबक्या आवाजात सांगितलं, डुक्कर नाही, वाघ आहे, काळू घरी पळून आलंय. त्याचा विश्वास बसेना. कसा बसणार? आठवडाभर मीच त्याला थापा मारल्या होत्या. डबे जवळ जवळ येत होते आणि पुढच्या चार सऱ्यांतलं पाचट सळसळत होतं.

"आई, जा तू. तात्यांनी जागा सोडू नको म्हनून सांगितलंय."

"बरं," मी म्हटलं. "मग मी बी इथंच उभी ऱ्हाते."

आणि त्याच्या पुढं जाऊन उभी राहिले. पप्पूनं दात खाल्ले, एक शिवी हासडली, माझ्या दंडाला धरलं आणि मला ओढत बांधापलीकडं नेलं. आम्ही खाली बसतो न बसतो तोच ऊस दुभंगला. बिबट्या जाळीच्या तोंडातून बाहेर पडला, पप्पू उभा होता तिथून एका झेपेत गेला आणि ओढ्यात दिसेनासा झाला. पाठोपाठ सगळी डुकरं त्याच वाटेनं सुटली.

हाकारे बाहेर आले तेव्हा तोंड मोकळं होतं, आणि पप्पू आईजवळ बांधाआड बसलेला. वाघ त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. हाक्याचे पुढारी सोपानराव म्हणाले, "जागा सोडली व्हय रं?" पप्पूनं मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाईच्या सांगण्यावरून पळाला, हे त्याला जन्मभर पुरलं असतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. हे आले होते. एक हात पोटावर, चेहरा पांढराफटक.

"वाघ व्हता. मीच निरोप धाडला, जागा सोड म्हनून," ते म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोला."

तात्याबाला कोण बोलणार? सोपानराव जाळी गुंडाळायला लागले. ह्यांनी निरोप धाडला नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि पप्पूलाही. पप्पू उठला आणि त्यानं बापाला खांद्याचा आधार दिला. तेव्हा मला दिसलं, ह्यांचा सदरा पोटाशी लाल झाला होता.

सोपानरावांच्या जीपमधून आम्ही शिरूरच्या दवाखान्यात निघालो. पप्पू पुढं, आम्ही दोघं मागं. वाटेत ह्यांनी विचारलं, "तीस वर्सं मी तिथं उभा ऱ्हायचो, तवा तू घरी काय करायचीस?"

"तुम्ही येस्तोवर पानी पीत नव्हते."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. गाव मागं पडलं. मग पायाशी पडलेली पाण्याची बाटली, वाकायची मनाई असताना, वाकून उचलली, टोपण काढलं आणि माझ्यापुढं धरली.

"पी," ते म्हणाले.