वरचं झाकण

साखरेच्या डब्यावर ड्रिलचं टोक पडलं होतं, काडीपेटीतल्या काडीएवढं, टोकाला पांढरा भुगा चिकटलेला, आणि ते तिथं कोणी टाकलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. मुलगा बोटीवर गेला की घरात माणसं उरत दोनच, आणि त्यातल्या एकीने उभ्या जन्मात साखरेच्या डब्यावर हत्यार ठेवलं नव्हतं. बाईंनी ते चिमटीत धरून सुनेसमोर टेबलावर आपटलं.

"ही हत्यारांची जागा?"

"बरं, आई," सून म्हणाली आणि टोक खिशात टाकलं.

बस्स. एवढंच. बारा वर्षं झाली या मुलीचं 'बरं' ऐकतेय मी... भाजी खारट झाली म्हटलं तरी बरं, माहेरी आठ दिवस जास्त राहिलीस म्हटलं तरी बरं. तोंडातून उलटा शब्द काढेल तर शपथ. लोक म्हणतात, नशीब काढलंत, गरीब सून मिळाली. गरीब कसली, भिंत आहे नुसती. चेंडू मारावा तो परत आपल्याच अंगावर. बाईंना भांडण कळत होतं. भांडणात माणूस निदान समोर उभं असतं, नाक फुगलेलं दिसतं, मनात काय आहे त्याचा वास येतो. ही मात्र मान खाली घालून आपली कोळ्याची पेटी करत बसलेली.

हो, कोळ्याची. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत हिची नोकरी, तिथल्या कोणीतरी दिला दोन वर्षांपूर्वी, तेव्हा शर्टाच्या बटणाएवढा होता. आता पंजा पसरला की बाईंच्या हाताएवढी भरते... मादी आहे म्हणे. काळी मखमल, आणि आठही पायांची टोकं गुलाबी, कोणी बसून नखं रंगवून दिल्यासारखी. बाई तिला 'पाहुणी' म्हणत. पाहुणी जेवली का, पाहुणीने कात टाकली का, पाहुणी जायची कधी.

जायची कधी — इथे बाईंचं मन चार दिवस अडखळत होतं. चार दिवसांपूर्वी सून फोनवर कोणाला तरी सांगत होती, आणि बाई दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत होत्या (घड्या घालायला दुसरी जागा नव्हती असं नाही). "नव्या कामाच्या जागेपासून जवळ आहे. लहानच खोली, पण दार आतून बंद होतं. सोमवारी होकार कळवते घरमालकांना."

उद्या सोमवार.

आणि खोलीबद्दल सांगण्यासारखं हेच सापडलं हिला? उजेड आहे, पाणी येतं, असं सांगतात माणसं. दार आतून बंद होतं — कुठल्या दाराला बंद होता येत नाही... बाईंनी हे वाक्य चार दिवस तोंडात घोळवलं होतं, बी असलेल्या फळासारखं, गिळवेना आणि थुंकवेना. विचारायचं म्हणजे चोरून ऐकलं हे कबूल करायचं. त्यापेक्षा जीभ कापून दिली असती त्यांनी.

टेबलावर काट् असा आवाज झाला. पेटीच्या पारदर्शक भिंतीला सून पाडत होती त्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेला होता.

"गेली?" बाई म्हणाल्या. आवाजात समाधान आलं ते त्यांना आवडलं नाही. "शेजाऱ्यांनी मासे ठेवायची चांगली काचेची पेटी दिली होती, लांबरुंद, ती घ्यायची नाही. तुला आपलं हे प्लॅस्टिकचं उभं खोकं हवं."

"ती झाडावर राहणारी आहे, आई. तिला लांबी नको, उंची हवी. आणि दोन्ही बाजूंना भोकं, म्हणजे वारा आरपार जातो. नुसती दमट हवा कोंडली तर मरतात."

"मग भोकं पाडायची रीत शीक."

खुर्ची सरकवून बाई बसल्याच. तीस वर्षं नवऱ्याच्या फ्रेमच्या दुकानात काढली होती. शाळा दुसरीपर्यंत, पण हिरकणीने काच अशी कापत की गिऱ्हाईक फोटो विसरून हात बघत राही. त्यांनी दुसऱ्या, न तडकलेल्या भिंतीखाली लाकडाची फळी सरकवली, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावली, आणि ड्रिल सावकाश, अगदी कान कोरावा तसं फिरवलं. भुगा सुतासारखा वर आला. एक, दोन, तीन. तडा न जाता.

सून बघत राहिली. "छान," ती म्हणाली. बरं नाही, छान. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"पण ही भिंत कापून समोर दार कशाला? वर झाकण आहे की आयतं. पाहुणी आत्ता राहते त्या जुन्या बरणीला होतंच."

सुनेने जुनी बरणी उचलून बाईंसमोर धरली. पाहुणी वर होती, अगदी झाकणाशी, आणि तिच्याभोवती पांढरं दाट जाळं, नळीसारखं, एक टोक थेट झाकणालाच विणलेलं.

"झाडावरचे कोळी घर वरती करतात. झाकणाला धरूनच. खाणं टाकायला, पाणी ठेवायला झाकण उघडलं की घर फाटतं."

"मग?"

"मग परत विणते."

"दर वेळी?"

"दर वेळी. दोन वर्षं हेच चाललंय."

"चिडत नाही? चावायला येत नाही?"

"नाही. आत सरकून बसते." सुनेने बरणी खाली ठेवली. "काय करणार, आई."

ही कोळ्याबद्दल बोलते आहे, बाईंनी स्वतःला बजावलं. कोळ्याबद्दलच. आणि उठल्या. "पेटीत ठेवायची ती झाडाची पोकळ साल आणते. तुझ्या खिडकीत वाळते आहे ना."

"मी आणते, आई —"

इतकी घाई कधी नसते हिच्या आवाजात. पण बाई तोवर खोलीच्या दाराशी होत्या आणि नेहमीसारखं दार तळहाताने ढकलून आत. बारा वर्षं याच तळव्याने ढकललेलं दार. साल खिडकीत होती. ती घेऊन वळताना नजर, पहिल्यांदाच, दाराच्या आतल्या बाजूला गेली... एरवी त्या आत येत आणि पलंगाकडे बघत, अजून लोळते आहे का म्हणून. दाराच्या मुठीखाली रंग उडालेला होता, हातभर रुंद पट्टा, घासून घासून लाकूड उघडं पडलेलं. आणि खाली फरशीवर दोन रेघा, काळपट, समांतर, खोल. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितलं. खुर्चीच्या पाठीला दाराचा रंग लागला होता.

रोज रात्री खुर्ची ओढून दाराला टेकवलेली; एका दिवसात पडत नाहीत असल्या रेघा. बारा वर्षं लागतात.

वर चौकटीत जुन्या कडीची चार बुजवलेली भोकं, पुट्टी पिवळी पडलेली. ती बाईंनीच बुजवली होती. ती कडी शेवटची लागली त्या दिवशी काय बरं कारण होतं — काहीतरी फुटकळ, गिऱ्हाइकाला आरसा उलटा बसवून दिला होता आमच्या ह्यांनी, आणि मी चारचौघांत बोलले. ते या खोलीत आले, कडी लावली. मी म्हटलं, बसू दे. एकदा हाक मारली, ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारणार होते... का म्हणून मी मारायची? दाराबाहेर बसून मी फ्रेममध्ये फोटोभोवती लावायचे माउंटचे कागद कापत राहिले, दुपार उतरेपर्यंत, त्यांचा फुगा उतरायची वाट बघत. शेजाऱ्यांनी पहारीने दार काढलं तेव्हा ते केव्हाचेच गार झाले होते. पुढच्या आठवड्यात घरातल्या सगळ्या कड्या बाईंनी स्वतः उपसल्या. घरात काय चोर आहेत, असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी कडीला दोष दिला, बाईंनी देऊ दिला, आणि नंतर स्वतःही...

एक हाक. दुसरी मारली नाही ती.

साल हातात घेऊन त्या आपल्या खोलीत गेल्या, खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढला. पेटीच्या दाराला बिजागऱ्या हव्यात, त्यासाठीच. फोटोफ्रेमच्या लहान पितळी बिजागऱ्या तळाशी होत्या, आणि त्यांच्यावर, चिंधीत गुंडाळून, ती. फेकते फेकते म्हणून राहिलेली. बाईंनी कडीचा दांडा सरकवून पाहिला. चौदा वर्षांनी तो जराही अडकला नाही, याचा त्यांना रागच आला.

टेबलापाशी येऊन त्यांनी साल ठेवली, बिजागऱ्या ठेवल्या, आणि शेवटी कडी. सून कडीकडे बघत राहिली. मग हळूच बाईंच्या तोंडाकडे. ती रेघांबद्दल काही म्हणेल, निदान आज तरी म्हणेल, असं बाईंना वाटलं. भीती वाटली, की आशा, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. बरणीत पाहुणी एक गुलाबी पाय झाकणाच्या कडेला टेकवून होती.

"पेटीचं दार समोरून होईल," बाई म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "आणि ही तुझ्या दाराला, आतून. भोकं जुनीच आहेत, मी बसवीन, तुझ्या हातून तडे जातात. तुझी खोली बघून झाली आहे हे मला ठाऊक आहे, ऐकलंय मी, चोरून ऐकलंय. जायचं तर जा. राहायचं तर एकच — आतून बंद कर खुशाल, पण मी हाक मारली की ओ द्यायची. एका हाकेला नाही दिलीस तर दुसरी मारेन मी, तिसरी मारेन. आणि आता मला 'बरं' म्हणू नकोस. काय असेल ते तोंडावर बोल."