लोरेनची जुनी ओळ

फायली एकत्र बांधून टेपवर ठेवणारा जुना प्रोग्राम, टार, त्या शुक्रवारी दुपारी बाराला डुलुथच्या विद्यापीठातून जाणार होता. त्याच्या जागी, त्याच नावाने, अनिका रासमुसेनचा नवा प्रोग्राम बसायचा होता. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून तिने हेच एक काम केलं होतं.

साडेदहाला वेंडेल क्राउझ तिच्या टेबलापाशी आला. सगळे विभाग ज्या स्क्रिप्टनी, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, टार चालवत, त्या त्याने अकरा वर्षं जमवून तिच्या हवाली केल्या होत्या.

"बघितल्यास सगळ्या चालवून?"

"चाळीसच्या चाळीस. एकही कुरकुरली नाही."

"सरोवराच्या नोंदी ठेवणाऱ्या लोरेनची?"

"तीही नाही, वेंडेल."

"कुरकुरली नाही म्हणजे चालली असं नव्हे हं, पोरी. माझी बायकोही आठवडाभर कुरकुरत नाही."

तो हसत गेला. अनिकाला आधी राग आला, मग चैन पडेना. बाळ शांत झोपलं तरी ती नाकापाशी बोट धरून बघायची. इथे मात्र नुसत्या शांततेवर विसंबली होती! तिने लोरेनची चाचणीची टेप पुन्हा चढवून तिच्यावरच्या फायलींची यादी मागितली.

टेप कोरी. डिस्कवर मात्र 'बी' नावाची भलीमोठी फाईल.

लोरेन टारची ओळ जुन्या रीतीने लिही: आधी पर्यायांची सगळी अक्षरं एकत्र, जसं 'एफबी', मग त्यांच्या किमती ओळीने; 'एफ'ची किंमत म्हणजे टेपचं नाव. ती रीत नव्या प्रोग्रामला कळावी म्हणून अनिकाने त्या अक्षरांपुढे एक आडवी रेघ लावून काम उरकलं होतं. रेघ दिसताच नवा प्रोग्राम 'एफ'नंतरच्या 'बी'लाच टेपचं नाव समजला. सरोवराच्या तीस वर्षांच्या नोंदींच्या प्रती आजपासून टेपऐवजी मूळ नोंदींच्याच डिस्कवर साठल्या असत्या. डिस्क गेली की सगळंच गेलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

"आज बाराला बसवत नाही," तिने वरिष्ठांना फोन केला.

तीनपर्यंत तिने नव्या प्रोग्रामला जुनी रीत जशीच्या तशी शिकवली. पुन्हा टेप, पुन्हा यादी. नावं पडद्यावरून सरसर उतरू लागली तशी ती खुर्चीत मागे टेकली.

प्रोग्रामसोबत जाणाऱ्या आभारांच्या फायलीत तिने सर्वांत वर वेंडेलचं नाव लिहून त्याला बोलावलं.

त्याने ते वाचलं. "लोरेनचंही घाल. पंधरा वर्षं तिने ती ओळ बदलली नाही म्हणून सापडलं."

"तिला काय सांगू, कशाबद्दल आभार?"

"काही सांगू नकोस. तिचं काम कुठे अडलंय?"

अनिकाने लोरेनचं नाव खाली जोडलं आणि फाईल जतन केली.