शाळा बुडवणारी नाव

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे. माझा जलप्रवास एकूण अकरा मिनिटांचा, तेव्हा वादळांच्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका.

उत्तर मिनेसोटातल्या एका सनदी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या सरकारी परवान्यावर चालणाऱ्या, शाळेत मुलांनी मला घडवलं. एकोणतीस मुलं. तिथे धडे नव्हते, प्रकल्प होते. शिक्षिकेला मुलं नुसतं ‘औने’ म्हणत, आणि औने कुणालाही उत्तर सांगत नसे. तोच तिथला नियम. अकरा वर्षांच्या लेम्पीने माझी एक बरगडी दोन बोटं आखूड कापली. औनेने ते पाहिलं.

“बरोबर आहे ना गं?” लेम्पीने विचारलं.

“मला काय विचारतेस? तळ्याला विचार.”

शाळेची सनद संपत आली होती. नवी द्यायची की नाही हे ठरवायला हॉलवर्सनसाहेब आले. मुलांनी त्यांना मानाने माझ्यात बसवलं, त्यांची बॅगही माझ्या पोटात ठेवली. तळ्यात अकराव्या मिनिटाला आखूड बरगडीपाशी सांधा उकलला आणि मी बुडाले. साहेब गुडघाभर पाण्यातून चालत काठावर आले.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं,” औने म्हणाली. “आता तिलाही कळलं. उद्या नवी कापेल.”

तेवढ्यात तिच्या वर्गातला रुबेन ओरडला, “लेम्पे, आम्ही शाळा बुडवतो ती एखादा दिवस. तू कायमचीच बुडवलीस!”

सगळे हसले. लेम्पीही हसली.

आठवड्याने पत्र आलं, सनद मिळणार नाही. मग कुणी हसलं नाही.

नवी बरगडी टेबलावरच राहिली. औनेने मला छताला टांगलं, पोट वर करून, आणि कुलूप लावलं. आता वारा माझ्या फटीतून शिरतो तेव्हा रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, “ना गं? ना गं?” खालच्या एकोणतीस खुर्च्या ऐकतात.

लेम्पीचे केस पिकले. दर पानगळीत ती येते, खिडकीला कपाळ टेकते आणि मला विचारते, “माझ्यामुळेच ना गं?”

त्या दिवशी साहेबांच्या बॅगेतला भिजलेला कागद माझ्या पोटातल्या फळीला चिकटला होता. त्यांनी तो सोलून नेला, पण शाई राहिली. अक्षरं उलटी आहेत, तरी वाचता येतात. ‘पटसंख्या अपुरी. शाळा बंद.’ खाली सही, आणि तारीख भेटीच्या चार दिवस आधीची.

एक शिडी लावली की दिसेल. पण तिच्यापुढे मला वाचा फुटत नाही. मीही शेवटी त्याच शाळेची.

मित्रांनो, नाव कोरडी ठेवा, तेलपाणी करा, हे सगळेच सांगतील. माझी विनवणी निराळी आहे. कुणी ‘माझ्यामुळेच ना?’ असं विचारलं, तर त्याला तळ्याकडे पाठवू नका. उत्तर ठाऊक असेल, तर सांगून टाका.